सिंफनीचे चार भाग

महिपत शाहिरांना राग येतो हे लांजा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो किती महागात पडतो हे त्या माघी गणपतीला कळलं, आणि ते आधी कळलं त्यांच्या बायकोला, तुळसाला. ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. नवऱ्याचे कान लाल झालेले तिनं लांबून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "गेलं गो बाय. आता हा माणूस काहीतरी बोलून बसणार."

झालं होतं असं. लांज्यात शक्ती-तुऱ्याचा सामना रंगलेला. एका बाजूला शक्तीवाले महिपत, दुसऱ्या बाजूला तुरेवाले सखाराम. दोघं गेली तीस वर्षं एकमेकांसमोर उभे राहून एकमेकांची गाण्यातून सालं काढत आले होते. एरवी महिपत काजूच्या कारखान्यात बी भाजायचे आणि सखारामची पिठाची गिरण होती. पण डोक्याला फेटा आणि हातात झांज आली की दोघेही स्वतःला इंद्राच्या सभेतले समजायचे. ह्या गाण्याची रीत अशी की एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याचं उत्तर पुढच्या बारीला, म्हणजे पुढच्या सामन्याला, गाऊन आणायचं. उत्तर बरोबर की चूक, हे ज्यानं विचारलं त्यानंच सांगायचं. त्यात लबाडी करायची नाही. शाहीर सगळं करील, पण भर सभेत खोटं बोलणार नाही, अशी ती श्रद्धा.

आता तीस वर्षांत पुराणं संपली हो! रावणाच्या आजीचं नाव झालं, मारुतीच्या घामाचं काय झालं ते झालं, द्रौपदीच्या थाळीत राहिलेलं पान कुठल्या भाजीचं तेसुद्धा तीनदा झालं. दोघांकडे त्याच चार फाटक्या पोथ्या. सखारामनं विचारावं आणि महिपतनं जागेवर उत्तर फेकावं, असं चाललेलं. सखाराम त्यानं पार कावला होता. त्याच सुमारास त्याच्या मुलानं मुंबईची बायको केली. ईशा तिचं नाव, आणि ती तिथे मुलांना व्हायोलिन शिकवायची, तेही गोऱ्या लोकांच्या पद्धतीचं. सखारामनं सुनेला काय विचारलं देव जाणे, पण त्या माघी गणपतीला त्यानं झांज वाजवली, मिशीतल्या मिशीत हसला आणि गायला लागला,

"साहेबाच्या घरचं गाणं, सिंफनी त्या नाव रे
चार त्याचे भाग शाहीर, चारी आम्हां दाव रे
कोण धावे, कोण रांगे, कोण गिरकी घेत रे
मध्ये टाळी का पडेना, सांग त्यातला बेत रे!"

सभा चाट पडली. महिपतसुद्धा. म्हणजे काय, हा शब्दच त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आणि लोक हसले. महिपतना हरण्याचं भय नव्हतं, पण हसण्याचं होतं. ते ताडकन पुढे आले आणि माईकवर ओरडले, "पंधरा दिवसांनी मांडवीला आपली बारी आहे. तिथं उत्तर नाय आणलं, तर ही माझी झांज देवासमोर ठेवीन आणि जन्मात हिला हात लावणार नाय!"

"आणि आणलंस, तर मी माझी ठेवीन!" सखाराम गरजला.

तुळसानं कपाळावर हात मारून घेतला.

घरी आल्यावर महिपतचा राग उतरला. झांज ठेवायची म्हणजे काय, हे आता कुठे त्यांच्या लक्षात आलं. काजूच्या भट्टीपुढे आठवडाभर घाम गाळायचा तो कशासाठी? रविवारी फेटा बांधण्यासाठी. लोक रस्त्यात 'काय शाहीर' म्हणतात, ते गेलं तर उरला कोण? बी भाजणारा एक म्हातारा! त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

"तुला काय वाटतं?" त्यांनी तुळसाला विचारलं.

"मला वाटतं, तुम्ही झांज ठेवलीत आणि रोज संध्याकाळी घरात बसलात, तर मी माहेरी जाईन," तुळसा म्हणाली. "तीस वर्षं जे टोमणे त्या सखारामला मारता ते मग मला मारणार. मला नाय झेपायचं ते. काय वाटेल ते करा, पण उत्तर आणा."

महिपतनी आधी मोबाईलला विचारलं. मोबाईलनं त्याच नावाचे थंड हवेचे कूलर दाखवले, सोळा प्रकारचे, हप्त्यावर मिळणारे. मग कारखान्यातल्या एका पोरीनं त्यांना खरी सिंफनी लावून दिली. कोट घातलेली शंभर माणसं, पुढे एक जण हातात काडी घेऊन. महिपतनी चाळीस मिनिटं डोळे फाडून ऐकलं. शब्द नाही, सवाल नाही, कोणी कोणाला काही बोललं नाही. काडीवाल्याचं एवढं काय बिनसलंय तेही कळलं नाही. सगळे भाग एकमेकांत मिसळून गेले आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना डुलकी लागली.

सहा दिवस असे वाया गेले. सातव्या दिवशी कोणीतरी सांगितलं की रत्नागिरीला मांडवीत हारुनभाय म्हणून आहेत. बत्तीस वर्षं मोठ्या प्रवासी जहाजावर स्टुअर्ड होते. जेवणघरात वाढायचे, आणि त्या जेवणघरात रोज संध्याकाळी तीस जणांचा वाद्यवृंद बसायचा. बत्तीस वर्षं रोज सिंफनी ऐकलेला माणूस! महिपतनी अर्धी रजा टाकली आणि एसटी पकडली.

हारुनभाय पडवीत बसून पेपर वाचत होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि पाठ अशी ताठ की आता उठून ऑर्डर घेतील. महिपतनी सगळं सांगितलं, शपथेसकट. हारुनभायनी पेपराची नीट घडी घातली.

"शाहीर, तुम्ही बरोबर दारात आलात," ते म्हणाले. "माझ्याइतकं हे म्युझिक रत्नागिरीत कोणी ऐकलं नाय. मरियम, चहा टाक गो! पहिली गोष्ट, ही भाषा इटलीची."

"साहेबाची नाय?"

"साहेबानं पण मागून आणलेली. आमचा बँडमास्तर इटलीचा म्हातारा होता, त्यानं मला एकेक शब्द समजावला. लिहून घ्या. पियानो."

"ती पेटी ना मोठी?"

"ती पण. पण कागदावर लिहिलं असेल तर अर्थ हळू. आवाज खाली. पियानो आला की आम्ही कप ठेवताना करंगळी खाली धरायचो, म्हणजे बशी वाजत नाय. पियानिसिमो म्हणजे त्याहून हळू. त्यात वाढायचंच नाय, जिथं असाल तिथं उभं राहायचं. फोर्टे म्हणजे जोरात. फोर्टेत एकदा माझ्या हातून अख्खा ट्रे पडला, कॅप्टनला पत्ता नाय. आणि क्रेसेंडो म्हणजे हळूहळू चढत जायचं, भरतीच्या पाण्यासारखं. क्रेसेंडो लागला की ट्रे घट्ट धरायचा, पुढे फोर्टे येणार."

महिपत वहीत उतरवत होते. हे सगळं त्यांना एकदम पटत चाललं होतं. अहो, ढोलकी खाली घे, आता चढव, हे ते तीस वर्षं ओरडून सांगत आलेच होते. फक्त गोऱ्यांनी ते आधीच कागदावर लिहून ठेवलेलं, म्हणजे ऐन वेळी शिव्या द्याव्या लागत नाहीत.

"आता सिंफनी," हारुनभाय म्हणाले. "चार भाग. भागाला म्हणतात मूव्हमेंट. पहिला बहुतेक अलेग्रो, म्हणजे जलद. त्यात पाव्हणे येतात, खुर्च्या ओढतात. दुसरा अडाजिओ, म्हणजे सावकाश. अडाजिओत सूप."

"सूप?"

"सूप. गरम असतं, घाई करून चालत नाय. तिसरा तीन-तीन मात्रांचा, गिरकी घेतल्यासारखा, त्यात मोठं जेवण. आणि चौथा परत जलद, त्यात प्लेटा उचलायच्या. बत्तीस वर्षं मी घड्याळ बघितलं नाय, शाहीर. कानानं वाढलं."

"आणि त्यात झांज असते का हो?"

"असते की! पाठीमागं एक माणूस झांज घेऊन तासभर बसतो. शेवटी एकदा उठतो, एकदाच वाजवतो आणि बसतो."

"एकदाच?" महिपतना त्या माणसाची इतकी दया आली की त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना मुख्य गोष्ट आठवली. "आणि मध्ये टाळी का पडत नाय?"

"बरोबर. एक भाग संपतो, सगळे थांबतात. पण लोक एकदम गप. कोणी टाळी वाजवत नाय."

"मेले काय सगळे?" महिपतना राहवलं नाही. "गाणाऱ्यानं जीव टाकायचा आणि समोरून हूं का चूं नाय? आमच्याकडे असं झालं तर शाहीर विहीर जवळ करील! कारण काय पण?"

हारुनभायनी करंगळी खाली धरून कप बशीत ठेवला. हे बँडमास्तरनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं ते स्वतः डोळ्यांनी पाहत होते.

"हातात चमचा असतो ना," ते म्हणाले.

महिपतनी विचार केला. "पण शेवटी तर वाजवतात ना टाळ्या? तेव्हा चमचा कुठं जातो?"

"तोवर जेवण झालेलं असतं."

ह्यात खोट काढायला जागाच नव्हती. महिपतनी हारुनभायचे दोन्ही हात हातात घेतले आणि मांडवीच्या बारीला पहिल्या रांगेत येऊन बसायचं वचन घेतलं.

पुढचे आठ दिवस घरात आणि कारखान्यात इटलीचं राज्य होतं. "तुळसा, ती कढई पियानोत ठेव गो, मला सुचू दे." तुळसानं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं ताट आदळलं आणि म्हणाली, "ही फोर्टे. आणि अडाजिओत चिवडत बसू नका, अलेग्रोत गिळा, मला भांडी घासायची आहेत." महिपत थक्क झाले. त्यांना चार तास लागलेले शब्द बाईनं फोडणी देता देता उचलले होते. कारखान्यात सोलणीच्या बायकांना ते म्हणाले, "पोरींनो, क्रेसेंडो येऊ दे," तर मुकादमानं त्यांना बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली. पण पद तयार झालं, आणि झकास झालं. फक्त चमच्याशी आलं की महिपतच्या मनात काहीतरी टोचायचं. मोबाईलवर पाहिलेल्या त्या शंभर माणसांपुढे बसलेले लोक काही जेवत नव्हते. पण टोचणीला आठ दिवसांत दुसरं उत्तर मिळणार कुठून? त्यांनी ती तशीच गिळली.

मांडवीची बारी होती रविवारी संध्याकाळी पाचला. मंडळाची सत्यनारायणाची पूजा, मांडव भरलेला, मागे समुद्राचा वारा. पहिल्या रांगेत हारुनभाय कोट घालून आलेले. सखारामच्या बाजूला त्याची सून ईशा बसली होती, हातात एक कागद घेऊन. सखाराम मात्र काही नीट दिसत नव्हता. गालफडं बसलेली, डोळे सुजलेले. आजारातून उठल्यासारखा दिसतोय, असं महिपतच्या मनात आलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

गण झाला, गौळण झाली. मग महिपत पुढे आले. त्यांनी मनातल्या मनात ग्रामदेवीला हाक मारली आणि सुरुवात केली,

"पहिला धावे अलेग्रोचा, खुर्च्या घेती पाव्हणे
दुसरा रांगे अडाजिओ, सूप त्यांचे चाखणे
तिसरा घेई गिरकी शाहीर, तीन मात्रा मोजुनी
चौथा पळतो पुन्हा जोरात, ताटं जाती उचलुनी!"

मांडव उसळला. शिट्ट्या पडल्या. हारुनभाय उभे राहून टाळ्या वाजवत होते. ईशा तोंडावर हात धरून हसत होती, पण मान 'हो' म्हणून हलवत होती. म्हणजे चार भाग बरोबर! महिपतना चेव चढला.

"हाती त्यांच्या चमचे रे, टाळी कशी वाजेल रे
एवढं ज्याला कळलं नाही, शाहीर कसा साजेल रे!"

आणि त्यांनी पाहिलं. ईशाची मान थांबली. ती सखारामकडे झुकून काहीतरी बोलली, कागदावर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही. संपलं सगळं. गेली झांज.

सखारामनं कागद वाचला. मग त्यानं त्याची चार घड्यांची पुडी केली, बंडीच्या खिशात घातली आणि माईक हातात घेतला.

"बरोबर!" तो म्हणाला. आवाज चिरका येत होता. "महिपत शाहिरांचं उत्तर सोळा आणे बरोबर आहे. मी हरलो." आणि त्यानं आपली झांज काढायला घेतली.

लोक ओरडायला लागले. महिपत जागच्या जागी उभे. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्यांना नुसता आनंद झाला. मग त्यांची नजर त्या बंडीच्या खिशावर गेली आणि त्यांचे कान लाल झाले.

"थांब रे!" ते ओरडले. "माझं उत्तर चूक आहे!"

"बरोबर आहे!"

"चूक आहे! तुझ्या सुनेनं मान हलवली ती मी बघितली. काढ तो कागद!"

"कागद माझा, सवाल माझा. मी म्हणतो बरोबर, म्हणजे बरोबर!"

"अरे, मला माहीत आहे चूक आहे! आठ दिवस माहीत आहे! तू कोण मला भीक घालणारा?"

"भीक नाय रे मेल्या!" सखाराम माईक विसरला होता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. "तू घरी बसलास तर मी कोणापुढं गाऊ? पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाय माझ्या. सवाल टाकताना मजा वाटली, घरी गेलो आणि रडू आलं. त्यापेक्षा मी बसतो. तू गा."

"आणि तू बसल्यावर मी कोणापुढं गाऊ?" महिपतनी मांडवामागं बोट दाखवलं. "त्या समुद्रापुढं?"

तीस वर्षं एकमेकांना खाली पाडायला बघणारे दोन म्हातारे आता एकमेकांना जिंकवायला भांडत होते. मंडळाचे अध्यक्ष गांगरले. शेवटी त्यांनी ईशालाच पुढे बोलावलं आणि खरं काय ते सांगायला लावलं.

"चार भाग काकांनी अगदी बरोबर सांगितले," ईशा म्हणाली. "सूप सोडून. पण टाळीचं कारण चमचा नाही. ते चारही भाग मिळून एकच गाणं असतं. मध्ये थांबतात ते नुसतं श्वासापुरतं. गाणं संपलेलं नसतं, म्हणून हल्ली टाळी वाजवत नाहीत."

"आमच्या जहाजावर चमचेच होते," हारुनभाय पहिल्या रांगेतून ठामपणे म्हणाले.

पण आता उपाय नव्हता. महिपतनी देवासमोर जाऊन झांज ठेवली. ठेवताना बोटं सुटेनात. त्यांच्यामागून सखाराम आला आणि त्यानंही आपली झांज शेजारी ठेवली. "भर सभेत खोटं बोललो," तो म्हणाला. "मला तरी कुठला हक्क?" दोघं रिकाम्या हातांनी उभे राहिले, आणि हातांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. तो आवाज महिपतनी चाळीस वर्षं ऐकला होता, आणि तो पियानोत कधीच नव्हता.

"काय शब्द दिला होतात हो लांज्याला?" तुळसा उभी होती, पदर खोचून. "'माझी झांज ठेवीन आणि हिला हात लावणार नाय,' असंच ना? आपापली झांज ठेवलीत ना दोघांनी? शब्द पाळलात ना? मग त्याची तुम्ही उचला आणि तुमची त्याला द्या! दुसऱ्याच्या झांजेला हात लावायचा नाय असं कोण बोललं होतं? एवढी पुराणं वाचलीत, त्यात एवढंसुद्धा लिहिलेलं नाय होय?"

मांडव असा फुटला की समुद्र ऐकू येईना. अध्यक्षांनी पूजा सांगायला आलेल्या भटजींकडे पाहिलं. भटजींनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाई म्हणतात त्यात दोष दिसत नाही."

महिपत वाकले आणि त्यांनी सखारामची झांज उचलली. जड होती. एका कडेला चांगला टवका उडालेला, आणि दोरी इतकी झिजलेली की बोटात रुतत होती. त्यांनी ती एकदा वाजवून पाहिली. कण्ण करून बसका आवाज आला.

"काय रे ही झांज!" ते खवळले. "तीस वर्षं ह्या फुटक्या ताटलीवर तू मला हरवत होतास?"

"हरवलं कधी?" सखाराम म्हणाला. महिपतची झांज त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "एकदा तरी हरवता आलं असतं, तर तुझ्यासाठी आज खोटं बोललो असतो का रे?"

महिपत शाहिरांनी ती झिजलेली दोरी बोटाला गुंडाळली. त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि ढोलकीवाल्याला खूण केली.